थर लावण्याआधी शरीर घडवा

गुरुपौर्णिमेला नारळ वाढवून गोविंदा पथकांचा सराव सुरू होतो. वसई, नालासोपारा, विरार येथील मैदानांत आणि चाळींच्या आवारांत मग रात्री उशिरापर्यंत शिट्ट्या ऐकू येतात. सरावाला येणारी बहुतेक मुले दिवसभर कामावर असतात. लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करून ती रात्री नऊ-दहाला मैदानात पोहोचतात आणि दमलेल्या अंगानेच थराला उभी राहतात. पुष्कळ दुखापतींचे मूळ येथेच असते.

२०१२ साली ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर रचून ४३.७९ फूट उंची गाठली. २०२२ साली राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, तर २०२३ पासून 'प्रो गोविंदा' स्पर्धाही सुरू झाली. हा आता स्पर्धेचा खेळ आहे. तेव्हा त्याची तयारीही खेळाडूसारखीच हवी.

साधा हिशेब करून पाहू. एकाच्या खांद्यावर एक असे ५५, ५० आणि ४० किलो वजनाचे तिघे उभे राहिले, तर खालच्याच्या खांद्यांवर १४५ किलो भार येतो. वरचा जरा हलला, की हा भार एकाच बाजूला जातो. तो पेलतात ते पाय, कंबर आणि पाठीचे स्नायू. स्नायूंत खरी ताकद येण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. गुरुपौर्णिमा ते गोपाळकाला हे अंतर मात्र साधारण साडेपाच आठवड्यांचेच असते. म्हणून थरांचा सराव गुरुपौर्णिमेला सुरू करावा, पण व्यायाम वटपौर्णिमेपासूनच सुरू करावा.

यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस, अर्धा तास पुरे. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, चवड्यांवर उभे राहून टाचा वर-खाली करणे, कोपरे व चवडे टेकून अंग फळीसारखे ताठ धरणे, हे व्यायाम करावेत. वर चढणाऱ्यांनी एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करावा. थर लावण्यापूर्वी दहा मिनिटे अंग गरम करावे. चढताना पाय मानेजवळच्या मांसल भागावर ठेवावा. हासळीच्या हाडावर किंवा खांद्याच्या टोकावर नको. थर उतरवण्याचा सराव चढण्याइतकाच करावा, कारण हंडी फुटल्याच्या आनंदात घाईने उतरताना पडण्याचा धोका मोठा असतो.

पूर्वी मणक्याची दुखापत झालेल्यांनी, फिट येणाऱ्यांनी, हृदयविकार किंवा चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी थरात उभे राहू नये. महिला पथकांतील मुलींनी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. सर्वांत वर लहानग्याला चढवण्याचा मोह टाळावा. १४ वर्षांखालील मुलांना थरांत सहभागी होऊ देणार नाही, अशी हमी शासनाने २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात दिली आहे. वर चढणाऱ्याला हेल्मेट, सुरक्षा पट्टा व दोर हवाच. खाली गाद्या हव्यात.

गोकुळाष्टमीचा उपवास, मग जन्मोत्सवाचे जागरण आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच हंडी, असा क्रम बरेच जण ठेवतात. अशा वेळी चक्कर येणे नवल नाही. रात्री किमान सहा तास झोप घ्यावी. सकाळी पोहे, भाकरी, केळी असे काही पोटात असावे. आपल्याकडची सुकेळीही खिशात ठेवण्यास उत्तम. पावसात भिजत असलो तरी घाम येतोच, म्हणून मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी थोडे थोडे पीत राहावे. दारू प्यालेल्याला थराजवळही फिरकू देऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. कोणी उंचावरून पडला, तर आपण प्रेमापोटी त्याला लगेच उचलून बसवतो, हातापायांना धरून रिक्षात घालतो. हे कधीही करू नये. मानेचा मणका मोडला असेल, तर त्या एका हिसक्याने आतील मज्जारज्जू कायमचा दुखावू शकतो आणि चालता-बोलता तरुण जन्मभर अंथरुणाला खिळतो. त्याला आहे तसाच पडू द्यावे. एकाने दोन्ही हातांनी डोके स्थिर धरावे, दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, बाकीच्यांनी वाट मोकळी करावी. उलटी होत असेल, तर तिघा-चौघांनी मिळून डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे. श्वास थांबला असेल, तर वाट न पाहता छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी. प्रत्येक पथकात निदान चौघांनी हे आधीच शिकून ठेवावे.

डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी झाली, अथवा हातापायांना मुंग्या आल्या, तर लगेच रुग्णालय गाठावे. 'आता बरे वाटतेय' म्हणणाऱ्यालाही त्या दिवशी पुन्हा थरात घेऊ नये.

मृत्यू पावलेल्या गोविंदाच्या वारसांना १० लाख रुपयांची मदत शासनाने २०२२ साली जाहीर केली. ती घेण्याची वेळ कोणत्याही घरावर न येवो. हंडी पुढच्या वर्षीही बांधली जाईल. ती फोडायला आपली सगळी मुले धडधाकट असली पाहिजेत.