एका अंगाने वाढणारी शाल

भाऊबीज उलटली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागते. दिवसा मंडई आणि रात्री नाटक हा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा जुना शिरस्ता. नाटक उघड्या मैदानातल्या मंडपात, तेही रात्रभर. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातलं सर्वांत कमी तापमान बरेचदा गोंदियातच नोंदलं जातं, पण मंडईच्या सुरुवातीच्या दिवसांतली थंडी तशी कडाक्याची नसते. पहिल्या अंकाला स्वेटर नकोसा होतो आणि मध्यरात्र उलटली की पदर पुरत नाही. या थंडीला हवी हलकी, जाळीदार, गळ्याभोवती नीट बसणारी शाल. ती करण्याचं कसब आपल्याकडे घरोघरी आहे. मात्र ते अजून रुमालातच अडकून पडलं आहे.

दारावरची तोरणं, ताटावरचे रुमाल, देवाखालची आसनं, बाळाची टोपडी-मोजे, रुखवतातल्या वस्तू. क्रोशाची सुई धरणाऱ्या बाईने यातलं काहीतरी केलेलं असतंच. या कामात हाताला जी सफाई येते ती शालीला पुरेशी आहे. तरीही मोठं काम म्हटलं की बायका कचरतात. नमुना वाचायचा, मापं जुळवायची, लोकर कमी पडली तर त्याच रंगाची पुन्हा शोधायची, याची धास्ती असते. माझं म्हणणं असं, की अंगावर घालायची पहिली वस्तू करायची असेल तर तिरकी, एका अंगाने वाढत जाणारी त्रिकोणी शालच करावी. या तिन्ही अडचणी तिच्यात जवळजवळ उरतच नाहीत.

तिची रचना अगदी साधी आहे. एका टोकाला तीन टाक्यांनी सुरुवात होते. प्रत्येक ओळीत एकच टाका वाढतो, आणि तो नेहमी एकाच कडेला. त्यामुळे एक कड सरळ राहते, दुसरी तिरकी पसरते. तयार होतो लांब निमुळत्या टोकाचा त्रिकोण. दोन्ही बाजू सारख्या असलेली त्रिकोणी शाल खांद्यावरून घसरते, सारखी पिन लावावी लागते. या शालीचं लांब टोक गळ्याभोवती एकदा फिरवून मागे टाकलं की काम झालं. सायकलवर, मंडपात, धानाच्या मळणीच्या जागी, दोन्ही हात मोकळे राहतात.

प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते. चार साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत दोन खांब घाला. सुटलेल्या तीन साखळ्या एक खांब धरायच्या, म्हणजे पहिल्या ओळीत तीन खांब झाले. आता वीण उलटवा, तीन साखळ्या घाला (हा पहिला खांब), पुढच्या प्रत्येक टाक्यात एकेक खांब, आणि शेवटच्या टाक्यात दोन. चार खांब झाले. पुन्हा उलटवा, तीन साखळ्या घाला आणि त्या जिथून निघाल्या त्याच टाक्यात आणखी एक खांब. मग शेवटपर्यंत एकेक. पाच झाले. पुढे याच दोन ओळी आलटूनपालटून. एका ओळीत वाढ शेवटी, पुढच्या ओळीत सुरुवातीला. पण कड तीच. नजरेला सवय व्हावी म्हणून या कडेला रंगीत दोऱ्याची एक गाठ मारून ठेवा.

चूक होते ती सरळ कडेला. ओळीच्या अखेरीस आदल्या ओळीच्या तीन साखळ्यांचा जो खांब असतो, त्याच्या डोक्यात टाका घालायचा राहून जातो. मग सरळ कड हळूहळू आत खेचली जाते आणि शाल भलत्याच आकाराची होते. ओळीचा क्रमांक अधिक दोन एवढे खांब असायला हवेत. दहाव्या ओळीत बारा, चाळिसाव्या ओळीत बेचाळीस. दर दहा ओळींनी मोजलं की चूक लांबवर जात नाही.

जाळी हवी असेल तर दर चौथी ओळ जाळीची करा: एक खांब, एक साखळी, खालचा एक टाका सोडून पुन्हा खांब. साखळीलाही टाका म्हणून मोजायचं, म्हणजे हिशेब मोडत नाही. ओळीत एखादा टाका उरलाच तर अखेरीस दोन खांब शेजारी घाला. वाढीच्या कडेचे दोन-तीन टाके मात्र भरीवच ठेवा, नाहीतर कड ताणली जाते. सुई नेहमीपेक्षा एक-दीड मिलिमीटर जाड घ्यावी. बारीक फोर-प्लाय लोकरीला एरवी साडेतीनची सुई लागते, तर इथे साडेचार किंवा पाचची. घट्ट विणलेली शाल ऊब देते, पण पडत नाही. आणि शालीची सगळी शोभा तिच्या पडण्यात आहे.

साधारण १० सेंटीमीटरमध्ये १६ खांब आणि ८ ओळी बसत असतील तर १२० ओळींची शाल दीड मीटर लांब आणि रुंद टोकाला पाऊण मीटर होते. लोकर २०० ते २५० ग्रॅम धरावी. इथे या आकाराचा खरा फायदा कळतो. त्रिकोण असल्यामुळे सुरुवातीच्या ओळी भराभर होतात. निम्म्या ओळी झाल्या तेव्हा जेमतेम पाव लोकर संपलेली असते. म्हणून सुरुवातीलाच गुंडा वजन करून घ्यायचा आणि बरोबर निम्मी लोकर संपली की ओळी मोजायच्या. आलेल्या आकड्याला १.४ ने गुणा. तेवढ्या ओळींची शाल त्या लोकरीत होणार. ८५ ओळींवर निम्मी संपली तर शाल १२० ओळींपर्यंत जाईल. काठासाठी दहावा हिस्सा राखून ठेवला की लोकर कमी पडण्याची भीतीच राहत नाही. घरी उरलेल्या चार रंगांच्या लोकरीतूनही ही शाल होते. कुठेही थांबलं तरी ती पूर्णच असते.

विणून झालं की ताणून वाळवणं हा कसबाचा अर्धा भाग आहे, आणि नेमका तोच बायका टाळतात. सुती किंवा खरी लोकरी शाल कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलमध्ये दाबून, सतरंजीवर टाचण्यांनी ताणून लावा. जाळीची भोकं उघडतात, आखडलेला त्रिकोण हातभर मोठा दिसतो. बाजारात सहज मिळणारी लोकर बहुतेक अ‍ॅक्रिलिकची असते. ती पाण्याने आकार धरत नाही. तिला वरून इस्त्रीची नुसती वाफ द्यावी, इस्त्री टेकवू नये. एकदा टेकली की धागा कायमचा मरगळतो.

लोकरीचा विषय निघाला म्हणून सांगायला हवं की लोकरीशी पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं असलेली माणसं आपल्याच जिल्ह्यात राहतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२मध्ये उभी राहिली. गालिचे विणण्याची कला त्यांनी सोबत आणली, आणि हिवाळा आला की शहराशहरांत चालणारा स्वेटरांचा व्यवसाय तिबेटी कुटुंबांनीच नावारूपाला आणला.

आणि आपला स्वतःचा धागा तर आहेच. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारा कोसा, म्हणजे टसर, हे पूर्व विदर्भाचं वैभव. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात ढीवर समाजाने हे काम पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. गोंदिया १९९९पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता, आणि भंडाऱ्याच्या मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या विणकरांचं गाव म्हणून ओळखलं जातं. सलग धागा न निघणाऱ्या कोशांपासून हाताने ओढून जे जाड, गाठाळ सूत काढतात, त्याला घिच्चा म्हणतात. मधाच्या रंगाचं हे सूत क्रोशाला फार चांगलं. संपूर्ण शाल त्याची करणं महाग पडेल, पण सुती शालीच्या शेवटच्या चार-सहा ओळी आणि काठ घिच्च्याचा केला तर ती या मातीतली शाल होते. रेशीम निसटतं, म्हणून लाकडी किंवा बांबूची सुई वापरा.

आता दामाचं. विणकामाची यंत्रं आहेत, तशी खऱ्या क्रोशाची नाहीत. बाजारात स्वस्तात मिळणारी क्रोशासारखी कापडं दुसऱ्याच प्रकारच्या यंत्रांवर केलेली नक्कल असतात. म्हणजे खऱ्या क्रोशाचा प्रत्येक टाका कोणाच्या तरी हाताने घातलेला असतो. तरीही या कामाला फार कमी मोल मिळतं. आंध्रातलं नरसापूर क्रोशा-लेससाठी जगभर माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्त्रियांनी गोदावरीकाठी हे काम शिकवलं आणि पुढे ते निर्यातीचा मोठा धंदा झालं. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२मध्ये त्या बायकांवर पुस्तक लिहिलं. लेस परदेशात जात होती, व्यापारी मोठे होत होते, आणि दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या बायका मात्र घरात रिकामा वेळ घालवणाऱ्या गृहिणी म्हणून धरल्या जात होत्या. मजुरी त्या मानानेच मिळत होती. गोंदियाच्या बचत गटांनी क्रोशाकडे वळावं असं मला मनापासून वाटतं, पण नरसापूरची ही बाजू माहीत करून घेऊनच.

तेव्हा शाल विकायची असेल तर पहिल्या ओळीपासून वहीत तास लिहा. लोकरीची किंमत अधिक त्या तासांची, तुमच्या गावात शेतमजुरीला मिळते निदान तेवढी मजुरी, याच्या खाली भाव सांगू नका. आणि विकत घेणाऱ्यांनी, मंडईत किंवा प्रदर्शनात अशी शाल हातात आली तर, घासाघीस करू नये.