पळालेला कैदी आणि एक फोन

युद्धकैदी छावणीतून पळाला आणि पुन्हा सापडला, तर त्याचं काय करायचं? आपल्याला वाटतं, ज्याच्या हाती बंदूक, त्याची मर्जी. पण तसं नाही. १९४९ च्या जिनिव्हा कराराचं ९२ वं कलम सांगतं, की अशा कैद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते, मग तो कितव्यांदा का पळालेला असेना. ती शिक्षाही जास्तीत जास्त ३० दिवसांची. पळण्याचा प्रयत्न हा काही मरणाचा गुन्हा नव्हे.

हा नियम १९२९ च्या करारातही होता आणि जर्मनीनं तो मान्य केला होता. तरीही १९४४ साली काय झालं? आज पोलंडमध्ये असलेल्या झागान गावाजवळ जर्मनांची वैमानिक कैद्यांची छावणी होती. २४ मार्चच्या रात्री भुयारातून ७६ जण बाहेर पडले. तिघे निसटले, ७३ सापडले. हिटलरच्या हुकमावरून त्यांतल्या ५० जणांना गेस्टापोनं गोळ्या घातल्या आणि पुन्हा पळू लागले म्हणून मारले, असं जाहीर केलं. छावणीत परत आल्या त्या त्यांच्या अस्थी. युद्धानंतर १९४७ मध्ये हँबर्गला मारेकऱ्यांवर खटला चालला. पण गेलेले गेले.

आता आपल्या मराठी माणसाची गोष्ट ऐका. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचं विमान १० डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानात पाडलं गेलं. रावळपिंडीच्या छावणीत त्यांनी ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या सोबत्यांसह कोठडीची भिंत पोखरली. १९७२ च्या ऑगस्टमधल्या एका रात्री तिघे बाहेर पडले आणि पेशावरमार्गे लंडीकोतलपर्यंत पोहोचले. अफगाण सीमा चारेक मैलांवर राहिली होती. तिथं त्यांनी लंडीखान्याची वाट विचारली. त्यांच्या नकाशात ते स्टेशन होतं. प्रत्यक्षात १९३२ मध्येच ते बंद झालेलं! लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले.

तो मुलूख असा, की तिथं अनोळखी माणसाला हेर समजून संपवलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता. परुळकरांनी एक फोन करू देण्याचा आग्रह धरला. फोन उस्मान हमीद या पाकिस्तानी हवाईदलाच्या अधिकाऱ्याला लागला. छावणीमुळे ते त्यांना ओळखत होते. हमीदांनी ओळख पटवली आणि तिघांचा जीव वाचला. पुढं एकांतवासाची शिक्षा झाली. पण १ डिसेंबर १९७२ ला ते वाघ्याहून मायदेशी परतले. परुळकर पुण्यात राहिले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं. झागानच्या त्या पन्नास जणांना म्हातारपण पाहायला मिळालं नाही.

फरक कशात होता? धाडस दोन्हीकडं सारखंच होतं. इथं मात्र कैदी कुणाच्या हाती आहे, हे वेळीच वरपर्यंत कळलं आणि कळलेल्या माणसानं माणुसकी राखली. जिनिव्हा कराराचं ९४ वं कलम याचसाठी आहे: पळालेला कैदी पुन्हा सापडला, की त्याच्या देशाला तसं कळवलं पाहिजे.

नोंद नसली, की काय होतं? फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे ५ डिसेंबर १९७१ च्या मोहिमेवरून परतले नाहीत. भारताच्या ५४ बेपत्ता जवानांच्या यादीत त्यांचं नाव आहे. असे कैदी आपल्याकडं नाहीत, असं पाकिस्तान सांगत आलं. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या दमयंती तांबे, अनेक दशकं त्यांचा शोध घेत राहिल्या.

आमच्या खारदांड्यात दर्यावर गेलेली होडी परत येईपर्यंत घरातला जीव थाऱ्यावर नसतो. होडी बुडाली, तर माणसं रडतात, दिवस घालतात, सावरतात. पण काहीच कळलं नाही, तर रडायचं तरी कुणाच्या नावानं? म्हणून शत्रूच्या वहीत का होईना, कैद्याचं नाव लिहिलेलं असावं. ती एक ओळ त्याला जिवंत ठेवते आणि त्याच्या घरालाही.