पुणे-मुंबई : लोहमार्ग आणि रस्ता यांतील निवड

पुणे आणि मुंबई या दोन शहरांमधील प्रवास रेल्वेने करावा की बसने, या प्रश्नाचा विचार बहुधा वेळ आणि भाडे यांच्या तुलनेपाशीच थांबतो. परंतु या मार्गावर निदान वेळेची तुलना तरी फारशी उपयोगाची ठरत नाही, कारण जलद गाड्या पुणे स्थानक ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे १९२ किलोमीटरांचे अंतर साधारण सव्वातीन ते साडेतीन तासांत कापतात आणि द्रुतगती मार्गाने जाणारी बस, रस्ता मोकळा असल्यास, दादरला पोहोचायला जवळपास तेवढाच वेळ घेते. निवड खऱ्या अर्थाने ठरते ती दोन वेगळ्या गोष्टींवर. प्रवासी शहराच्या कोणत्या भागातून निघतो आणि कोणत्या भागात त्याला पोहोचायचे असते ही पहिली, आणि आपण नेमके केव्हा निघणार हे त्याला किती आधी ठाऊक असते ही दुसरी. या दोन शहरांच्या मध्ये बोरघाट उभा आहे, आणि तो ओलांडण्याची दोन साधनांची रीत वेगळी असल्यामुळे दोघांच्या अडचणीही वेगळ्या आहेत.

या घाटातून चाकाच्या वाहनांसाठी बांधलेला रस्ता १८३० साली खुला झाला. रेल्वे मात्र प्रथम घाटाच्या दोन्ही बाजूंना येऊन थांबली होती. कोकणाच्या अंगाने ती १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली, घाटमाथ्यावर १८५८ मध्ये पुणे-खंडाळा हा तुकडा सुरू झाला, आणि पुढे १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पूर्ण होईपर्यंतची सुमारे पाच वर्षे उतारूंना खोपोली आणि खंडाळा यांमधील चढ पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून पार करावा लागे. रेल्वे की रस्ता, हा प्रश्नच त्या काळी उद्भवत नव्हता, कारण एकाच प्रवासात दोन्ही अपरिहार्य होते.

लोहमार्गाने घाट कसा चढला जातो हे कर्जत स्थानकात पाहायला मिळते. कर्जत ते लोणावळा हे अंतर अवघे २८ किलोमीटर असले, तरी त्यातील सर्वांत तीव्र चढ ३७ला एक असा आहे, म्हणजे रूळ ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर वर चढतो. रस्त्यावरच्या वाहनाला हा चढ किरकोळ वाटेल, परंतु पोलादी चाक आणि पोलादी रूळ यांच्यातील पकड मर्यादित असल्याने आगगाडीच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, ज्यांना रेल्वेच्या परिभाषेत बँकर म्हणतात. पुढचे इंजिन ओढते आणि मागची ढकलतात. जोडणीचा हलका धक्का डब्यात जाणवतो, पुढच्या-मागच्या चालकांमध्ये शिट्ट्यांची देवाणघेवाण होते, आणि एवढ्या अवधीत फलाटावरून कर्जतचा वडा खिडक्यांतून आत पोहोचलेला असतो. एका तांत्रिक गरजेपोटी घ्याव्या लागलेल्या थांब्याने एका गावाचा खाद्यव्यवसाय उभा केला, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच आढळेल. लोणावळ्याला बँकर सोडवले जातात. उलट दिशेने, म्हणजे मुंबईकडे उतरताना, चिंता ओढीची नसून ब्रेकची असते. उतारावर ठरावीक ठिकाणी मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारे छोटे फाटे ठेवलेले आहेत, ज्यांना कॅच साइडिंग म्हणतात, आणि एखादी गाडी चालकाच्या ताब्याबाहेर गेलीच तर ती या फाट्यावर वळून चढामुळे आपोआप थांबावी अशी ही योजना आहे. पूर्वी घाटात रिव्हर्सिंग स्टेशन नावाचे एक स्थानकही होते, जेथे गाडी थांबून दिशा बदलत असे. नवी आखणी झाल्यावर १९२९ मध्ये त्याची गरज संपली, याच सुमारास मार्गाचे विद्युतीकरण झाले, आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली.

या सगळ्या व्यवस्थेचा प्रवाशाच्या दृष्टीने अर्थ असा, की रेल्वेचा घाट संथ असला तरी त्याचा संथपणा वेळापत्रकात आधीच धरलेला असतो. घाटात तीन मार्गिका आहेत, त्यांवर कोणती गाडी केव्हा सोडायची हे नियंत्रण कक्ष ठरवतो, आणि एका गाडीच्या पुढे दुसरी अनाहूतपणे घुसू शकत नाही.

रस्त्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. २००२ मध्ये पूर्ण झालेला यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग कळंबोली ते किवळे असा सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा, सहा पदरी आणि काँक्रीटचा असून त्यावर दुचाकी, तीनचाकी व ट्रॅक्टर यांना प्रवेश नाही. त्यामुळे सपाटीवर बस एकसारख्या वेगाने जाते आणि हा टप्पा प्रवाशाला फारसा जाणवतही नाही. परंतु खोपोलीच्या वर, खंडाळ्याच्या अलीकडे, काही किलोमीटरपर्यंत जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग एकत्र येतात, म्हणजे दोन रस्त्यांची वाहने एकाच चिंचोळ्या खिंडीतून चढतात. भरलेले ट्रक आणि कंटेनर तेथे अगदी मंद गतीने वर सरकतात, त्यांतील एखादा दुसऱ्याला मागे टाकण्यासाठी मार्गिका सोडून उजवीकडे येतो, मागच्या मोटारींना वेग कमी करावा लागतो, आणि ही खीळ मागे मागे पसरत जाते. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी सकाळी ती पुण्याकडच्या बाजूला असते, तर रविवारी संध्याकाळी मुंबईकडच्या. एखादे वाहन बंद पडले किंवा उलटले, तर काही मिनिटांचा उशीर काही तासांचा होतो, आणि बसमधल्या प्रवाशाला तो आधी कळण्याची सोय नसते. हा टप्पा टाळण्यासाठीच खोपोली ते कुसगाव असा सुमारे १३ किलोमीटरांचा, बोगद्यांचा आणि उंच पुलांचा पर्यायी मार्ग आखण्यात आला, जो ‘मिसिंग लिंक’ या नावाने ओळखला जातो; घाट हा रस्त्याचा दुबळा दुवा आहे याची ती अधिकृत कबुलीच म्हणावी लागेल.

असे असूनही बस भरून जातात, आणि त्याचे कारण घाटात नसून दोन्ही शहरांच्या नकाशात आहे. रेल्वे जेथे नेते तेथे ती निश्चितपणे नेते, परंतु तिचे थांबे एकोणिसाव्या शतकातील शहराच्या आकारानुसार पडलेले आहेत: इकडे पुणे स्थानक आणि शिवाजीनगर, तिकडे कल्याण, ठाणे, दादर आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. ज्याचे काम फोर्टात, मंत्रालयाच्या परिसरात किंवा उच्च न्यायालयात आहे, अथवा जो ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात राहतो, त्याच्या दृष्टीने रेल्वेला तोड नाही. घाट उतरून कल्याणला आलेला प्रवासी मुंबईच्या रस्त्यांवरील कोंडीचे तोंडही न पाहता घरी पोहोचतो. याउलट हिंजवडीत नोकरी करणाऱ्या आणि वाशी, नेरूळ किंवा खारघर येथे घर असलेल्या माणसाने वाकडहून पुणे स्थानक गाठावे, तेथून ठाण्यापर्यंत जावे आणि पुन्हा लोकलने नवी मुंबईत यावे, हा द्राविडी प्राणायाम होय. त्याची बस वाकडच्या थांब्यावरून निघून कळंबोलीवरून थेट वाशीत उतरते. बोरिवलीचेही तेच. बोरिवलीला जाणारी बस शहरात शिरल्यावर वेळ घेते हे खरे, परंतु सामान आणि वृद्ध माणसे बरोबर असताना दादरचा पूल चढून पश्चिम रेल्वेची लोकल पकडण्यापेक्षा तो उशीर पत्करणारे पुष्कळ आहेत.

हे नकाशेही स्थिर नाहीत. शिवाजीनगरचे बसस्थानक मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलल्यावर शहराच्या मध्यातून बस पकडणाऱ्यांची एक सोय गेली. उलट वनाज ते रामवाडी मेट्रोमुळे कोथरूडच्या माणसाला पुणे रेल्वे स्थानक पूर्वीपेक्षा खूपच जवळ आले. मुंबईच्या बाजूला जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि पुढच्याच महिन्यात शिवनेरी या एस.टी.च्या वातानुकूलित बसच्या काही फेऱ्या त्यावरून सुरू झाल्या, त्यांतील एक मंत्रालयापर्यंत. म्हणजे जो भाग आजवर निर्विवादपणे रेल्वेचा होता, तेथेही बसने पाऊल टाकले आहे.

निवडीचा दुसरा आधार आरक्षणाच्या पद्धतीत आहे. रेल्वेचे आरक्षण बहुतेक गाड्यांसाठी ६० दिवस आधी उघडते (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती), आणि सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या व संध्याकाळी पुण्याला परतणाऱ्या गाड्यांच्या खुर्च्या सुट्ट्यांच्या आसपास लवकर संपतात. त्यानंतर प्रतीक्षा यादी सुरू होते, जिचा क्रमांक पुढे सरकेल की नाही हे अनुभवी प्रवासी बऱ्यापैकी सांगू शकतात, नवखा नाही. ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता तयार होईपर्यंत पूर्णपणे प्रतीक्षा यादीतच राहिले, तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, पण प्रवास मात्र राहून जातो. अनारक्षित डबे असतात, परंतु सकाळच्या वेळी त्यांत उभे राहण्याची तयारी लागते. डेक्कन क्वीन, सिंहगड, प्रगती, इंद्रायणी या गाड्यांवर पासधारकांचा, म्हणजे मासिक किंवा त्रैमासिक पासावर नेमाने ये-जा करणाऱ्यांचा, एक स्थिर समाज आहे. कोणी कोठे बसायचे, पत्ते कोठे मांडायचे, कोणाचा वाढदिवस केव्हा, हे त्यांच्यात ठरलेले असते, आणि चुकून त्यांच्या नेहमीच्या जागी बसलेल्या परक्या माणसाला नियमाची नसली तरी वहिवाटीची जाणीव लगेच करून दिली जाते.

बसच्या बाजूला असे काही नाही. दादर पूर्वेच्या थांब्यावर किंवा स्वारगेटला संध्याकाळी उभे राहिले, तर व्यवहार सरळ दिसतो: खिडकीवर पुढच्या गाडीचे तिकीट मिळते, ती भरली असेल तर त्यानंतरच्या गाडीचे, आणि विनावाहक फेरी असल्यास तिकिटे आधीच दिलेली असल्याने चालक प्रवासी मोजून गाडी काढतो. आगाऊ आरक्षण येथेही होते, पण ते न करता आलेल्या माणसाला परत जावे लागेल अशी वेळ मोठ्या सुट्ट्या सोडल्यास क्वचितच येते. ज्याची बैठक चारला संपेल की सातला हे त्यालाच ठाऊक नसते, ज्याच्या कोर्टातील प्रकरणाचा पुकारा केव्हा होईल हे वकीलही सांगू शकत नाही, ज्याला आजारी नातेवाइकाकडे तातडीने जायचे असते, त्याची गरज ही सोय भागवते. रेल्वे तिच्या रचनेमुळेच ती भागवू शकत नाही. या मार्गावरील बसचा लौकिकही याच सोयीवर वाढला: १९८२च्या दिल्लीतील आशियाई खेळांनंतर दादर-पुणे मार्गावर आलेल्या निमआराम गाड्यांना लोक ‘एशियाड’ म्हणू लागले आणि ते नाव खेळ विसरले गेल्यावरही टिकले, शिवनेरी ही त्याच परंपरेतील वातानुकूलित गाडी.

भाड्याच्या बाबतीत फरक मोठा आहे. शिवनेरीच्या एका पूर्ण तिकिटाच्या पैशांत रेल्वेच्या द्वितीय श्रेणीच्या आसनाची चार-पाच तिकिटे निघतात. मात्र १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या गाड्यांत महिलांना अर्धे तिकीट पडते, ७५ वर्षांवरील नागरिकांना त्याआधीच, ऑगस्ट २०२२ पासून, मोफत प्रवास मिळालेला आहे, आणि रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली. त्यामुळे वृद्ध जोडपे जेव्हा हिशेब मांडते, तेव्हा वातानुकूलित खुर्चीयान आणि शिवनेरी यांच्यातील अंतर बरेच कमी झालेले किंवा उलटलेले असते. द्वितीय श्रेणी मात्र अर्ध्या तिकिटाच्या शिवनेरीपेक्षाही स्वस्तच राहते.

शरीराच्या सोयीबद्दल थोडक्यात सांगता येईल. रेल्वेत उठता येते, फिरता येते, स्वच्छतागृह असते, आणि डेक्कन क्वीनमध्ये तर टेबलाशी बसून खाण्याचा स्वतंत्र डबा आहे. बसमध्ये खालापूरजवळच्या फूड मॉलवरील एका थांब्यावर भागवावे लागते, आणि ज्यांना बस लागते, म्हणजे घाटाच्या वळणांवर ज्यांना मळमळते, त्यांच्यासाठी ही सारी चर्चाच व्यर्थ आहे.

पावसाळा दोन्ही साधनांना सारखा वागवत नाही. दरड रस्त्यावर कोसळली, तर जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ झाले तसे जीवितहानीचे भय असते, परंतु रस्ता बहुधा काही तासांत, फार तर काही दिवसांत, निदान अंशतः सुरू होतो आणि तोवर जुना महामार्ग हाताशी असतो. लोहमार्गाखालचा भराव वाहून गेला की मात्र दुरुस्ती लांबते. २०१९च्या पावसाळ्यात कर्जत-लोणावळा टप्प्याची इतकी हानी झाली, की ऑगस्टमध्ये पुणे-मुंबई गाड्या रद्द कराव्या लागल्या आणि त्यानंतरही दुरुस्तीसाठी कित्येक महिने काही गाड्या बंद किंवा अर्ध्यावर थांबवलेल्या होत्या. म्हणजे रोजच्या लहान उशिरांत रेल्वे सरस ठरते आणि क्वचित येणाऱ्या मोठ्या आपत्तीत रस्ता.

तेव्हा ज्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी दक्षिण मुंबईत किंवा ठाण्या-कल्याणात पोहोचायचे आहे, त्याने आरक्षण उघडताच रेल्वेचे तिकीट काढावे. ज्याचे ठिकाण नवी मुंबई, बोरिवली, वाकड किंवा हिंजवडी आहे, अथवा ज्याची परतीची वेळ दुसऱ्याच्या हाती आहे, त्याने बसने जावे. जाताना रेल्वे आणि येताना बस हा अनेक पुणेकरांचा जुना रिवाज याच हिशेबातून आलेला असून तो आजही बहुतेकांना पुरेसा आहे, मात्र रविवारी संध्याकाळी मुंबईला परतायचे असेल तर तो उलटा करून परतीचे तिकीट रेल्वेचे काढलेले बरे.