बेपत्ता बापाची संमती

शाळेचा फॉर्म भरताना आईचा हात मधल्या नावापाशी थांबतो. मुलाला रोज शाळेत सोडणारा, तापात उशाशी जागणारा माणूस घरातच आहे. कागदावर मात्र नाव लागतं ते कधीच निघून गेलेल्याचं, ज्याचा ठावठिकाणा त्याच्या भावांनाही सांगता येत नाही. घरातल्या या बापाला मूल रीतसर दत्तक घेता येतं का? येतं. पण जन्मदात्याची संमती लागते, आणि तिथेच गाडं अडतं.

१९५६च्या हिंदू दत्तक कायद्याचं कलम ९ वाचून पाहा. मूल दत्तक देण्याचा हक्क २०१०पासून आई-वडील दोघांनाही सारखाच आहे. अट एवढीच, की दुसऱ्याची संमती हवी. तिच्याशिवाय चालतं ते तीनच प्रसंगी : त्याने संसाराचा पूर्ण त्याग केला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा न्यायालयाने त्याला मनोविकल ठरवलं असेल. म्हणजे संन्यास घेतलेल्या बापाला विचारावं लागत नाही, मुलाला टाकून गेलेल्याला विचारावं लागतं. या कायद्यातली मला सर्वांत अन्यायाची वाटणारी जागा हीच. मूल टाकून देण्याचा उल्लेख त्याच कलमात पुढे आहे, पण तो आई-बाप दोघांनीही टाकलेल्या मुलाबाबत.

मग आईच्या हाती काय उरतं? सात वर्षं ज्याची काहीच खबर नाही, तो मरण पावला असं कायदा गृहीत धरतो. पूर्वी हे पुरावा कायद्यात होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे. दिवाणी न्यायालयाकडून तसं जाहीर करून घेतलं, की निर्णय एकट्या आईचा. त्याआधीच पाऊल उचलायचं असेल, तर त्याचं गायब होणं न्यायालयाच्या कागदावर यायला हवं : पोलिसांतली मिसिंगची तक्रार, शेवटच्या पत्त्यावरून परत आलेलं रजिस्टर पत्र, जाहीर नोटीस, आणि घटस्फोटाच्या हुकुमात मुलाच्या ताब्याचा स्पष्ट उल्लेख. दुसरा रस्ता बाल न्याय कायद्याचा. त्यात जोडप्याने ‘कारा’ या केंद्रीय दत्तक यंत्रणेच्या पोर्टलवर नोंदणी करायची, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे कागदपत्रं द्यायची, सप्टेंबर २०२२पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. संमतीचा प्रश्न तिथेही सुटत नाही, आणि ताब्याचा वाद कोर्टात असेल तर आधी तो मिटावा लागतो.

नुसतं आडनाव बदलायचं असेल, तर एवढा खटाटोप लागू नये. वडील वारलेल्या एका मुलाच्या प्रकरणात, पुनर्विवाहित आई त्याला नव्या पतीचं आडनाव देऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२मध्ये सांगितलं. पण आडनावाने वारसा मिळत नाही. सावत्र वडील मृत्युपत्र न करता गेले, तर दत्तक नसलेलं मूल हिंदू वारसा कायद्याने त्यांचं वारस ठरत नाही. आईला वाटणारी ‘मूल देऊन टाकण्या’ची भीती मात्र निराधार आहे : दत्तक घेणाऱ्याची पत्नी म्हणून कायदा तिलाच दत्तक आई मानतो.

रीतसर झालेलं दत्तक मागे घेता येत नाही. म्हणून बेपत्ता बापाचा शोध मनापासून घ्यायला हवा. नोटीस तो शेवटी राहत होता त्या भागातल्या वर्तमानपत्रात द्यावी, त्याच्या आईला, भावंडांना विचारावं. पत्ता माहीत असून दडवला, तर पुढे सगळंच रद्द होऊ शकतं.

आणि वयाकडे लक्ष हवं. रूढी-प्रथेचा अपवाद सोडला, तर हिंदू कायद्याने पंधरा वर्षं पूर्ण झालेलं मूल दत्तक देता येत नाही. बाप गेला तेव्हा नऊ वर्षांचं असलेलं मूल सात वर्षं थांबलं, तर हा दरवाजा बंद झालेला असेल. बाल न्याय कायद्याचा तेवढा अठरापर्यंत उघडा राहतो.