‘सेफ्टी लॉकर’ नावाचे यंत्र : अमेरिकेतील क्रिप्टो-यंत्रांचे नियमन

रोख रक्कम घेऊन बिटकॉइन देणारे पहिले सार्वजनिक यंत्र ऑक्टोबर २०१३ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे एका कॉफीगृहात बसविण्यात आले. पुढे अमेरिकेत किराणा दुकानांत व पेट्रोलपंपांवर अशी यंत्रे हजारोंनी आली. त्यांचे बाह्य रूप बँकेच्या एटीएमसारखे असून व्यवहारात त्यांस एटीएमच म्हणतात. हा शब्दप्रयोग निरुपद्रवी नव्हे. एटीएम म्हटले की त्यामागे बँक, खाते आणि तक्रारीची सोय गृहीत धरली जाते. प्रस्तुत यंत्रामागे यांपैकी काहीही असेलच असे नाही.

फसवणुकीची रीत पुढीलप्रमाणे असते. सरकारी अधिकारी वा बँकेचा प्रतिनिधी असल्याची बतावणी करणारा कोणी दूरध्वनीवरून ‘तुमचे खाते धोक्यात आहे’ असे सांगतो, रक्कम काढावयास लावतो व एक क्यूआर कोड पाठवितो. तो यंत्रास दाखवून नोटा आत सारल्या की त्यांच्या मोलाचे बिटकॉइन ठगाच्या पत्त्यावर जातात. ब्लॉकचेनवर नोंदला गेलेला व्यवहार मागे फिरविता येत नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये नमूद केले की, काही ठग या यंत्रास ‘सेफ्टी लॉकर’ म्हणतात. भाषाभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. नाम बदलताच क्रियापदही बदलते : पैसे ‘देणे’ याचे पैसे ‘ठेवणे’ होते. अनोळखी माणसास पैसे देताना जो मनुष्य दहादा विचार करील, तोच ते ठेवावयास मात्र घाईने निघतो. या प्रकारांत नोंदविलेली हानी २०२० ते २०२३ या काळात जवळजवळ दसपट होऊन ११ कोटी डॉलरांपलीकडे गेली. २०२४ च्या पूर्वार्धात तक्रारदारांच्या हानीचे मध्यक १०,००० डॉलर होते आणि साठीपुढील व्यक्तींनी अशी हानी नोंदविण्याचे प्रमाण तरुणांच्या तिपटीहून अधिक होते.

यंत्रावर सावधगिरीची सूचना लावणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय, आणि माझ्या मते सर्वांत दुबळाही. सूचना मूक असते. कानाशी लागलेला आवाज मात्र बोलत असतो, आणि ‘असे काही दिसेल, तिकडे लक्ष देऊ नका’ हेही तो आधीच सांगू शकतो. म्हणून रकमेवरील मर्यादेस अधिक महत्त्व आहे. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक ग्राहकास दिवसाला १,००० डॉलरांची मर्यादा घातली. २०२५ पासून शुल्क ५ डॉलर अथवा १५ टक्के, यांपैकी जे अधिक असेल त्याहून जास्त घेता येईना. अर्थात एका चालकाची मर्यादा संपली की ठग दुसऱ्याच्या यंत्राकडे धाडू शकतो.

मिनेसोटाच्या २०२४ च्या कायद्याने याहून मूलगामी पाऊल टाकले. नव्या ग्राहकास पहिल्या ७२ तासांत दररोज २,००० डॉलरांची मर्यादा तर घातलीच. शिवाय त्या अवधीतील फसवणूक १४ दिवसांत कळविल्यास चालकाने पूर्ण परतावा द्यावा, असे ठरविले. हानीचा भार चालकावर आला म्हणजे यंत्रापुढे उभ्या असलेल्या वृद्धास ‘आपण कोणाशी बोलत आहात?’ असे विचारण्यात त्याचाही स्वार्थ निर्माण होतो. ब्रिटनमध्ये मात्र हा प्रश्नच उरला नाही. तेथील वित्तीय नियामकाने मार्च २०२२ मध्ये, एकाही नोंदणीकृत संस्थेस अशी यंत्रे चालविण्याची अनुमती नसल्याचे सांगून ती बंद करण्याचा आदेश दिला.