आधी फसवणूक, मग मध

फुलात मध असणं ही मूळ रीत आणि मध न देता कीटकाकडून फुकट काम करून घेणं ही मागाहूनची लबाडी, असं आपण धरून चालतो. आफ्रिकेतल्या डायसा या ऑर्किडांच्या गटात मात्र गाडी उलटी निघाली. डीएनएवरून मांडलेल्या वंशवृक्षावर कोणत्या जातीत मध आहे आणि कोणत्या नाही, हे ताडून पाहिलेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात पूर्वज बिनमधाचे ठरले. मध पुढे वेगवेगळ्या फांद्यांवर किमान नऊ वेळा स्वतंत्रपणे उगवला.

म्हणून नुसत्या रूपावरून नातं ठरवायला जाल तर फसाल. दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या डोंगरांतली डायसा युनिफ्लोरा लालभडक आणि मधाळ. डायसा फेरुजिनियाही तिथलीच, पण तिच्याकडे मधाचा थेंब नाही. दोघींचं परागीभवन करणारं फुलपाखरू मात्र एकच, लाल रंगावर भाळणारं. फेरुजिनियाची हुशारी तर बघा: पश्चिमेकडे ती एका लाल, मधाळ फुलाची नक्कल करते आणि पूर्वेकडे नारिंगी होऊन दुसऱ्याच फुलाची!