कल्पवृक्षाचा लौकिक पत्ता

समुद्रमंथनातून निघालेला, मागेल ते देणारा कल्पवृक्ष वनस्पतिशास्त्राच्या कसोटीस उतरेल काय, असे छत्तीसगडातील अहिवाऱ्याच्या एका वाचकाने विचारले आहे. इच्छेसरशी फळ पालटणारे झाड निसर्गात संभवत नाही. परंतु अन्न, तेल आणि साखर एकाच खोडापासून मागावयाची असेल, तर अहिवाऱ्याजवळच्या नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींपासून बस्तरच्या अरण्यापर्यंत ज्याला सारा मुलूख ओळखतो, त्या मोहाकडे मी निःशंकपणे बोट दाखवीन.

चैत्राच्या सुमारास निष्पर्ण डहाळ्यांच्या टोकांशी झुपक्यांनी लागलेली त्याची फिकट पिवळी, मांसल फुले रात्री उमलतात, त्यांच्या गोडीस भुललेली वटवाघळे परागवहन करून जातात, आणि पहाटे पाकळ्यांचा रसाळ गोळा पुंकेसरांसह खाली गळतो, तेव्हा बीजांडकोश मात्र डहाळीवरच राहतो. म्हणजे पहाटे टोपली घेऊन फुले वेचणारी बाई झाडाच्या एकाही फळाचे नुकसान करीत नाही! ही तरतूद मला पुराणातील वरदानाहून अधिक अद्भुत वाटते. वाळल्या फुलाचा सुमारे निम्मा भाग साखरेचा असतो. पुढे पावसाच्या तोंडावर पिकणाऱ्या फळातील टोरीपासून, म्हणजे बीपासून, जे तेल निघते, ते थंडीत तुपासारखे थिजते.

इंग्रज सरकारला मात्र या फुलांत त्यांपासून गाळली जाणारी दारूच तेवढी दिसली. आबकारीचा महसूल बुडू नये म्हणून मुंबई इलाख्यात 1892 साली कायदा होऊन ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ही फुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध आले. दुष्काळात ज्यांचा त्यांवर निर्वाह होई, त्यांची दाद कोण घेणार? त्याच फुलाकडे रसायनशास्त्राच्या आदराने पाहिले ते बंगळूरच्या विज्ञानसंस्थेतील गिल्बर्ट फाउलर यांनी. मँचेस्टरच्या ज्या सांडपाणी-शुद्धीकरण पद्धतीने 1914 पासून जगभरच्या शहरांचे आरोग्य सुधारले, तिची प्रेरणा देणारे हे गृहस्थ. त्यांचा व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांचा मोहाच्या फुलाच्या जीवरसायनावरील निबंध 1920 साली संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मोहाच्या तेलावर मोटारी चालविण्याच्या घोषणा गाजतात, पण या निबंधाची आठवण कोणी काढीत नाही, याचा मला खेद होतो.

इंधनाच्या त्या घोषणांपेक्षा अधिक निकडीचा प्रश्न रोपांचा आहे. फुले स्वच्छ वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यात कोवळी रोपे होरपळतात; आणि टोरीची उगवणशक्ती तर थोड्याच आठवड्यांत ओसरते, म्हणून ती ताजी असतानाच, पहिल्या पावसाबरोबर, पेरावी लागते.